‘कॉन्फ्लिक्ट’ : एक शब्दविचार

इंग्रजी ‘कॉन्फ्लिक्ट’ या शब्दाला शब्दकोशात ‘संघर्ष’ हा अर्थ सापडतो. तेवढ्यावर थांबता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा शब्द मूळ लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे एकत्र व ‘फ्लिगेरे’ म्हणजे आदळणे. आपल्या ‘संघर्ष’ शब्दातही ‘सम्’ आणि ‘घृष्’ म्हणजे घासणे आहे. एका भाषेने आदळणे पाहिले, दुसरीने घासणे. दोन बाजू मात्र दोहोंत आहेत.

नाम असताना इंग्रजीत पहिल्या अवयवावर आघात येतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर. उपयोगही अनेक. दोन साक्षी ‘कॉन्फ्लिक्ट’ करतात, तेव्हा त्या परस्परविरोधी असतात. तेथे संघर्ष नसतो. हॅम्लेटच्या मनात चालते ते अंतर्द्वंद्व. 1949 च्या जिनिव्हा करारांनी ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द योजला. कारण युद्ध जाहीर झाले नाही, एवढ्या सबबीवर कोणा सरकारला नियम टाळता येऊ नयेत.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आईवडिलांना इंग्रजी येत नाही. पण शब्दांतले भेद त्यांना चोख ठाऊक आहेत. भावाभावांत होते ते भांडण, बांधावरून होतो तो तंटा, मजुरीसाठी उभा राहतो तो लढा. 2007 साली राज्य शासनाने ‘तंटामुक्त गाव’ मोहीम सुरू केली. तिला ‘लढामुक्त’ म्हटले नाही, हे योग्यच झाले. तंटा मिटवायचा असतो, लढा द्यायचा असतो.

आता आपल्या खानदेशातील उदाहरण घेऊ. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शाळकरी शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हुतात्मा झाले. या घटनेला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हटले तर व्याकरण चुकत नाही, पण सत्य झाकले जाते. एका हाती झेंडा, दुसऱ्या हाती बंदूक. यात ‘एकमेकांवर आदळणे’ कोठे आले?

म्हणून भाषांतर करताना बाजू कोणत्या, बळ कोणाकडे आणि प्रथम प्रहार कोणाचा, हे पाहूनच शब्द निवडावा, असे माझ्या अल्प अभ्यासावरून मला वाटते. शब्दकोश अर्थ देतो. न्याय मात्र लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.