'माह्यावर' ते 'विथ मी' : इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचा एक पाठ

आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले, 'सर आर अँग्री ऑन मी.' वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलाने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. त्या हसण्याला आम्ही वेळीच आवर घातला नाही, याची खंत आजही वाटते. कारण त्या मुलाची चूक अज्ञानातून आलेली नव्हती. घरी तो 'सर माह्यावर रागावले' असे बिनचूक बोलत होता. 'वर' म्हणजे 'ऑन', एवढेच त्याने प्रामाणिकपणे धरून ठेवले होते.

मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते, इंग्रजीत ते नामाच्या आधी येते. 'अमरावतीहून अकोल्याला रेल्वेने' हे इंग्रजीत 'फ्रॉम अमरावती टू अकोला बाय ट्रेन' असे होते. हा क्रम मुले लवकर शिकतात. खरी अडचण पुढे आहे. कोणत्या क्रियापदाला किंवा विशेषणाला कोणते अव्यय लागते, हे प्रत्येक भाषा स्वतः ठरवते. आपण 'माझ्यावर' रागावतो, इंग्रजीत 'विथ मी'. आपण 'माझे' ऐकतो, इंग्रजीत 'लिसन टू मी'. आपण 'त्याची' वाट पाहतो, इंग्रजीत 'वेट फॉर हिम'. आपण अकोल्याला पोहोचतो, पण 'रीच अकोला' म्हणताना 'टू' लागत नाही. 'विषयावर चर्चा करणे' यासाठी 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावणे ही सुशिक्षितांचीही नेहमीची चूक आहे. म्हणून सुटे अव्यय पाठ करून उपयोग नाही. क्रियापद आणि अव्यय यांची जोडी एकत्रच लक्षात ठेवावी.

सर्वनामांच्या बाबतीत मात्र आपली बोली आपल्याला मदत करते. 'मीवर' किंवा 'तोकडे' असे वऱ्हाडातले लहान मूलही म्हणत नाही. ते 'माह्यावर', 'त्याच्याकडे', 'मले', 'त्याले' असेच म्हणते. अव्यय किंवा प्रत्यय लागताच सर्वनामाचे रूप बदलते, हा नियम त्याला शाळेआधीच येतो. इंग्रजीतही तेच घडते. 'आय'चे 'मी' होते, 'ही'चे 'हिम', 'वी'चे 'अस', 'दे'चे 'देम'. म्हणून 'बिट्वीन यू अँड मी' हेच प्रमाण रूप होय. येथे 'आय' म्हणणारे इंग्रजी मातृभाषेचे लोकही चुकतात.

आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' असेच म्हणावे लागते, 'टर्न ऑफ इट' चालत नाही. उलट 'लुक आफ्टर हिम' हे बरोबर आणि 'लुक हिम आफ्टर' हे चूक. याची परीक्षा सोपी आहे. सर्वनामाऐवजी नाम घालून पाहावे. अव्यय त्या नामामागे नेता येत असेल, तर सर्वनाम मध्ये येते. नेता येत नसेल, तर शेवटी राहते. 'लुक द चाइल्ड आफ्टर' होत नाही, म्हणून 'हिम' शेवटीच.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही आपली अनेक मुले मुलाखतीच्या दालनात गप्प होतात. शब्द ठाऊक नसतात म्हणून नव्हे, तर कोणी हसेल म्हणून. पालकांना आमची विनंती आहे की, आपल्याला इंग्रजी येत नसले तरी मुलाला रोज एक वाक्य आधी वऱ्हाडीत आणि मग इंग्रजीत म्हणायला सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत यावे आणि आपण स्वतः केलेल्या चुका या मुलांना मोकळेपणाने सांगाव्यात. 'ऑन मी' लिहिणाऱ्या मुलाला 'विथ मी' शिकवायला एक मिनिट पुरते. मिटलेले तोंड पुन्हा उघडायला मात्र वर्षे लागतात.