सार्वजनिक सायकल आणि तिचे कुलूप

आम्स्टरडॅम शहरात १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर ठेवल्या. ज्याला गरज असेल त्याने न्यावी व काम होताच दुसऱ्यासाठी सोडून द्यावी, अशी ती योजना होती. सायकलींना कुलूप नव्हते, आणि बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे तेथील नियमांत बसत नसल्याने पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. सार्वजनिक सायकलीच्या यंत्रसामग्रीचा पुढील इतिहास हा बव्हंशी कुलपाचाच इतिहास होय.

कोपनहेगन येथे १९९५ साली नाण्याचे कुलूप आले. वीस क्रोनरचे नाणे घालताच सायकल सुटे व ती परत जोडली की नाणे हाती येई. परंतु सायकल कोणी नेली, हे नाण्याला सांगता येत नसे. आपल्याकडील तासाने सायकल भाड्याने देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत असे व वहीत नाव लिहून घेत असे. नाण्याने ती ओळखच नाहीशी केली. फ्रान्समधील रेन शहराने १९९८ साली चुंबकीय कार्डाचा उपयोग करून हा दोष दूर केला. वही पुन्हा आली. मात्र ती आता संगणकात होती.

पॅरिस शहरात जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलिब’ योजनेने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली. प्रत्येक स्थानकावर कुलपाचे खुंट असतात. सायकलीवरील खूण खुंट वाचतो आणि कोणती सायकल कोणी, केव्हा नेली व कोठे जमा केली याची नोंद मध्यवर्ती संगणकाकडे जाते. पहिला अर्धा तास विनामूल्य ठेवल्याने सायकल अडवून ठेवण्याचा मोह कमी झाला. पण चढ-उताराला संगणक काय करणार? मोंमार्त्रच्या टेकडीवरून लोक सायकलने उतरत. चढून जाण्यास मात्र राजी नसत. वरची स्थानके रिकामी व खालची तुडुंब भरलेली, अशी स्थिती होई. उंचावरील स्थानकांत सायकल जमा करणाऱ्यास पंधरा मिनिटे अधिक देण्यात आली, तरीही सायकली वाहून नेणारी वाहने ठेवावीच लागली.

खुंटांना वीज लागते, हीही बाब दुय्यम नव्हे. २०१८ च्या आरंभी पॅरिसमध्ये नव्या ठेकेदाराची स्थानके उभी राहत असताना कित्येक ठिकाणी वीजजोडणी वेळेवर झाली नाही. ती बॅटरीवर चालवावी लागली आणि सेवा अनेक महिने विस्कळीत राहिली. याउलट कॅनडातील माँट्रियल शहराने २००९ साली सौरऊर्जेवर चालणारी, रस्ता न खणता नुसती आणून ठेवता येणारी स्थानके वापरली. हिवाळ्यात ती उचलूनही ठेवता येत.

पुढे चीनमध्ये स्थानकच वगळण्यात आले. मागच्या चाकाचे आपल्या परिचयाचे कुलूप, त्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारे यंत्र व दूरध्वनीचे सिमकार्ड, आणि भ्रमणध्वनीने टिपावयाचे सांकेतिक चित्र, एवढ्यावर काम भागले. या कुलपाला लागणारी वीज काही सायकलींत चाकातील जनित्रापासून, तर काहींत टोपलीतील सौरपत्र्यापासून मिळे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये अशीच बिनस्थानकाची सेवा महानगरपालिकेने खाजगी कंपनीमार्फत सुरू केली. सायकलींच्या मोडतोडीच्या तक्रारी आल्या व काही वर्षांतच ती थांबली. सायकल कोठे आहे हे यंत्र सांगते. तिची साखळी निखळली आहे काय, हे सांगत नाही. पॅरिसच्या नागरिकांनी त्यासाठी आपलीच खूण रूढ केली आहे: नादुरुस्त सायकल जमा करताना ते तिची बैठक उलटी फिरवून ठेवतात.