आधी रिमोट, मग सिम्युलेटर, शेवटी विमान

बाळ, दहावी झाली आणि आता तुला रिमोटवर उडणारं विमान हवं आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. दुकानाची पायरी चढण्याआधी मामाच्या चार गोष्टी ऐकून ठेव. सगळ्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. वस्तू घेताना, जागा निवडताना, विमान हवेत असताना एवढंच बघ, यानं माझ्या हातातला वेळ वाढतो की कमी होतो?

पैसे आधी रिमोटवर घाल. विमान पडतं, तुटतं, बदलतं; रिमोट वर्षानुवर्षं पुरतो. २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा, सोबत रिसीव्हर असलेला रिमोट घे. फ्लायस्कायचा एफएस-आय६ शिकणाऱ्यांच्या हातात सर्रास दिसतो. ‘मोड २’ मागून घे. त्यात डाव्या दांडीवर थ्रॉटल (मोटारीचा जोर) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी) असतं, उजवीवर एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) आणि एलरॉन (पंखांच्या पट्ट्या). आपल्याकडे बहुतेक जण याच मोडवर उडवतात, त्यामुळे अडचणीत रिमोट पटकन जाणत्याच्या हाती देता येतो. हाच रिमोट वायरीनं कॉम्प्युटरला जोडता येतो ना, हेही विचारून घे.

रिमोट कॉम्प्युटरला जोडून सराव करायचा तो सिम्युलेटरवर. तो निवडताना त्यात आपला डोळा कुठे आहे ते बघ. फ्लाइटगिअरसारख्या सिम्युलेटरमध्ये आपण कॉकपिटमध्ये बसतो. खरं विमान समजून घ्यायला ते उत्तम. तुला मात्र जमिनीवर उभं राहून लांबचं विमान सांभाळायचं आहे, म्हणून आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, विमानांचाच सिम्युलेटर हवा. पिकासिम आणि सीआरआरसीसिम फुकट मिळतात. रिअलफ्लाइट विकत घ्यावा लागतो. सुरुवातीला फुकटातला पुरे. फोनवरही असे सिम्युलेटर चालतात, पण काचेवर बोटं फिरवून हात बसत नाही. दांडीचा ताण बोटांना कळला पाहिजे, म्हणून रिमोट जोडूनच सराव कर.

सरावात कोलांट्या नकोत, समोरून येणारं विमान सांभाळायला शीक. विमान तुझ्याकडे तोंड करून येतं तेव्हा त्याची उजवी बाजू तुझी डावी होते, आणि नवशिक्यांची विमानं इथेच पडतात. एक खूण लक्षात ठेव: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी ने, तो पंख वर येतो. आठच्या आकड्यात फिरव, वारा वाढवून फिरव, मोटार बंद करून उतरव. आडव्या वाऱ्यात पाच वेळा ओळीनं ठरल्या जागी उतरता आलं, की मग विमानाचं बघू.

हंगाम ओळख. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीत पावसाळाभर वावरात पाय घालवत नाही. ते चार महिने सिम्युलेटरचे. सोयाबीन निघालं की वावरं मोकळी होतात. मालकाला विचारून, हरभरा पेरलेला नसेल अशा पडीत जागी जा. पऱ्हाटी किंवा तुरीची धसकटं उभी असलेलं वावर टाळ, ती फोममध्ये खिळ्यासारखी घुसतात. नवशिक्यासाठी हिवाळ्यातली सकाळ सर्वांत चांगली: थंड, जड, शांत हवा. एप्रिल-मेमध्ये जमीन तापली की वावटळी उठतात, मातीला भेगा पडतात, आणि चाकं भेगेत अडकून विमान उताणं होतं. तेव्हा भल्या सकाळीच उडव, नाहीतर उडवूच नको.

पहिलं विमान देखणं नको, संथ हवं. लढाऊ विमानाचं चित्र पाहून भुलू नको. पंख धडाच्या वर असावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १ ते १.४ मीटर. समोरून पाहिलं तर पंखाची टोकं किंचित वर उचललेली असावीत. हिवाळ्यात आपल्या वावरांवरून संथ फिरणारा भोवत्या पक्षी पंख असेच धरतो. अशा पंखाचं विमान कललं तरी दांडी सोडल्यावर बहुधा आपणहून सरळ होतं. अंग ईपीओ किंवा ईपीपी फोमचं घे, ते सहज दुरुस्त होतं. मोटार मागच्या बाजूला, पंखाच्या वर असेल तर नाकावर आपटूनही पंखा वाचतो. बिक्सलर आणि ईझी स्टार ही विमानं याच घडणीची. अगदी हलकं, तळहाताएवढं विमान स्वस्त पडतं, पण आपल्या उघड्या वावरातल्या वाऱ्यापुढे ते टिकत नाही. आपोआप तोल सावरणारा जायरो असेल तर सुरुवातीला चालू ठेव, हात बसला की बंद करून शिक.

उडवण्याआधी तोल बघ. बॅटरी बसवून, पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचल. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीचा पाव ते एक-तृतीयांश भाग सोडून बोटं टेकवली की ते सपाट राहायला हवं. नेमकी खूण विमानासोबतच्या कागदावर असते. शेपूट जड झाली तर बॅटरी पुढे सरकव. तशा अवस्थेत कधी उडवू नको, शेपूटजड विमान नवशिक्याला सावरत नाही. मग विमानाच्या मागे उभी राहा आणि दांडी उजवीकडे ने: उजव्या पंखाची पट्टी वर, डाव्याची खाली गेली पाहिजे. उलटी हलली तर रिमोटमध्ये दिशा बदल. रिमोट आधी चालू, विमान नंतर. बंद करताना आधी विमान, मग रिमोट.

बॅटरीला जप. लिपो बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, ठेवून द्यायचा तर ३.८ च्या आसपास. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्स चार्जरनं, उघड्या फरशीवर, डोळ्यांसमोर भर. गादीवर नाही, रात्रभर लावून नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नको. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नको, ती पेट घेते.

जागा बघूनच उडव. ड्रोन नियम, २०२१ आपल्या विमानांनाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग बघ, नोंदणीचं विचार, हिरव्या भागातच उडव, आणि तिथेही ४०० फुटांच्या वर जाऊ नको. पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्या बाजूला विमान पिशवीतूनही काढू नको. बोर व्याघ्र प्रकल्प वन्यप्राण्यांचा आहे, तिथेही नाही. वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर माणसं फिरायला येतात. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही. शेतपंपाच्या विजेच्या तारा लांबून दिसत नाहीत, म्हणून आधी धुऱ्याधुऱ्यानं चालत जाऊन खांब हेर. तारेत विमान अडकलं तर काठी घेऊन धावायचं नाही, वीज कंपनीला कळवायचं.

पहिल्या उड्डाणाला जाणतं माणूस सोबत ने. कॉलेजात एनसीसीची एअर विंग मिळाली तर सोडू नको. एरोमॉडेलिंग तिच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि नागपुरात एअर स्क्वाड्रन आहे. वाऱ्याकडे तोंड करून सोड, उतरवतानाही वाऱ्याकडेच तोंड ठेव. आधी उंची गाठ, मग वळ. चूक उमगून ती सुधारायला उंचीमुळेच सवड मिळते. घार जवळ आली तर तिच्याशी खेळू नको, खाली ये. पडतंय असं वाटलं की सगळ्यात आधी थ्रॉटल शून्यावर. आणि बॅटरी संपत आल्यावर उतरायचं ठरवू नको. ती बरीच शिल्लक असतानाच उतर, म्हणजे पहिला प्रयत्न चुकला तर वर जाऊन दुसऱ्यांदा नीट उतरायला तुझ्या हातात वेळ राहील.