गिअर टाकताना ट्रॅक्टर करकरतो तेव्हा



लावण, बेणे, खतांचे हप्ते यांविषयी आम्ही या पानांवर वरचेवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आम्ही शेतकी खात्याची माणसे, मिस्त्री नव्हे. पण हंगामभर फडावर आणि काट्यावर उभे राहून ट्रॅक्टरचे इतके आवाज कानांवर पडतात, की त्यांतले काही ओळखू येऊ लागतात. जे कळत नव्हते ते कारखान्याच्या वर्कशॉपमधील मंडळींकडून समजून घेतले.

निमित्त घडले ते एका सभासदाच्या ट्रॅक्टरचे. गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितले, "गिअर बॉक्स गेला, खोलावा लागेल." ट्रॅक्टर उभा राहिला आणि तोडलेला ऊस तीन दिवस फडात पडून राहिला. तोडीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो. पुढे दर दिवसाला वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊन उताराही कमी बसतो. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा मात्र आपणा सर्वांचा. शेवटी निघाले काय, तर क्लचच्या दांड्याचा नट ढिला झाला होता! पाना लावून दहा मिनिटांचे काम. गिअर बॉक्स खोलल्याची मजुरी गेली ती गेलीच.

यातली गोम अशी, की आवाज कोठून येतो हे नुसता कान लावून समजत नाही. लोखंडातून तो सगळीकडे घुमतो. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे पाहिले तर नेमका भाग सापडतो.

सर्वांत आधी ट्रॉली सोडा. हे मुद्दाम सांगतो, कारण गिअर टाकून क्लच सोडताना होणारा 'खाड्' असा आवाज पुष्कळदा ट्रॉलीच्या झिजलेल्या पिनेचा किंवा हुकाच्या भोकाचा असतो. ट्रॉली सोडल्यावर आवाज गेला, तर गिअर बॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. पीन बदला.

आता सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, पोरांना लांब ठेवा. इंजिन मंद चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग गिअर टाका. गिअर बिनआवाज पडला, तर यंत्र ठीक आहे. घाई आपल्या ड्रायव्हरची आहे. जुन्या बनावटीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत गिअर बदलण्याची सोय नाही, थांबूनच बदलावा लागतो. जीपवर शिकलेला ड्रायव्हर हे विसरतो आणि दाते झिजतात.

पाच मोजूनही करकर झाली, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. पेडल हाताने हलके दाबून पाहा. सुरुवातीला ते सैल जाते, मग जोर लागतो. या सैल भागाला मोकळी चाल म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरांत ती इंचाच्या आसपास असते, पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले माप तेच खरे. चाल फार वाढली की क्लच सुटत नाही आणि गिअर करकरतो. वरच्या सभासदाचे हेच झाले होते. उलट चाल अजिबात उरली नाही, तर क्लच घसरतो, प्लेट जळते. चाल बरोबर असूनही करकर राहिली, तर प्लेट वाकलेली किंवा चिकटलेली असू शकते. तेव्हा मात्र मिस्त्री बोलवावा.

न्यूट्रलमध्येच दुसरी परीक्षा होते. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली, तर बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग गेले. याच्या उलट, पेडल मोकळे असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, असे असेल तर गिअर बॉक्सच्या वरच्या शाफ्टचे बेअरिंग संशयित. रिलीज बेअरिंग का जाते, ते काट्यापुढच्या रांगेत येऊन पाहा. तासन् तास ट्रॅक्टर हातभर पुढे सरकतो आणि ड्रायव्हरचा डावा पाय पेडलवरून काही उतरत नाही! रांग थांबली की गिअर न्यूट्रल करून पाय खाली ठेवावा. इतके आम्ही दर हंगामात सांगतो, आणि दर हंगामात विड्या ओढत पाय तिथेच.

एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरचे दाते पाहावेत. फक्त वळणावर येत असेल, तर डिफरन्शियल.

गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर त्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली एक खेपही लावू नका. आतली स्प्रिंग कमजोर झालेली असते किंवा फोर्क अथवा दाते झिजलेले असतात. मागे उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या आणि पुढे ओढ्याचा उतार, अशा वेळी गिअर सुटला तर इंजिनचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल करतात, तेही तितकेच घातकी. उतार लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, मध्ये बदलू नये.

तेलाचे थोडक्यात. पातळी कमी असेल तर सगळ्याच गिअरांत आवाज वाढतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे तेल तेच असते, म्हणून लिफ्टही मंदावते. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. तळाच्या बोल्टवर लोखंडाची बारीक काळसर लुकटी असणे नेहमीचे, पण कपचे निघाले तर दाता किंवा बेअरिंग फुटले. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये भलतेच तेल घातल्यास ब्रेक कर्कश वाजतात आणि लोक गिअर बॉक्स खोलायला काढतात. पुस्तकात दिलेल्या प्रतीचेच तेल घालावे.

पावसाळाभर शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर हंगामाच्या तोंडावर काढला, की गंजाने क्लच प्लेट चिकटलेली आढळते. ट्रॅक्टर उभा करतानाच पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवले तर हे टळते. काही ट्रॅक्टरांना यासाठी कडीच दिलेली असते. ज्यांनी यंदा तसे केले नसेल, त्यांनी मोळी टाकण्याच्या आधी पंधरा दिवस ट्रॅक्टर चालू करून वरील परीक्षा घ्यावी, म्हणजे दुरुस्तीला हातात वेळ राहील.

— ऊस विकास अधिकारी