शाळेच्या बागेतील पानांचे रोग

भाद्रपद सरत आला की पुष्कळ शाळांच्या बागांत एकच देखावा दिसू लागतो. मुलांनी हौसेने लावलेल्या गुलाबाची खालची पाने पिवळी पडून गळतात, फाटकाजवळच्या चाफ्याखाली पानांचा खच पडतो आणि झाडास पाणी कमी पडले असे समजून मुले सायंकाळी झारीने पानांवरून पाणी घालतात. रोग त्यामुळे अधिकच बळावतो. मुलांची ममताच झाडास बाधक होत आहे, हे बागेकडे पाहणाऱ्या शिक्षकाच्या वेळीच ध्यानात आले पाहिजे.

गुलाबाच्या पानावरील काळा ठिपका जवळून न्याहाळावा. त्याची कड गुळगुळीत नसून झालरीसारखी फाटलेली असते व भोवतालचा भाग पिवळा होतो. हा बुरशीचा रोग होय. तिची बीजुके पावसाच्या किंवा झारीच्या थेंबांबरोबर उडून शेजारच्या पानांवर पडतात. परंतु पान सुमारे ७ तास सतत ओले राहिल्यावाचून त्यांचा आत शिरकाव होत नाही. सकाळी पडलेले पाणी उन्हाने लवकर सुकते, सायंकाळचे रात्रभर टिकते. म्हणून पाणी सकाळी व बुंध्याशीच घालावे. निम्मा उपाय एवढ्यातच आहे. एका पानास दोरा बांधून त्यावरील ठिपके दर सोमवारी मोजण्याचे काम चौथीच्या मुलांस दिल्यास निसर्गपाठासाठी निराळे साहित्य शोधावे लागणार नाही.

हिवाळ्यात गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरे पीठ भुरभुरल्यासारखे दिसते व पाने आकसतात. ही भुरी. हिला मात्र ओल्या पानाची गरज नसते. कोरडे दिवस व दमट, थंड रात्री तिला मानवतात. चाफ्याच्या पानाखाली बोटास लागणारी नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. तो चाफ्यावरून गुलाबावर जात नाही. त्याने पाने अकाली गळतात, परंतु झाड सहसा मरत नाही. चाफा हिवाळ्यात तशीही पाने टाकतो. तेव्हा रोगट चाफा तोडून टाकावा असे कोणी सुचविल्यास शिक्षकांनी घाई करू नये.

औषधाच्या आधी टोपली व खराटा यांचा क्रम लागतो. गळलेल्या पानांत बुरशी जिवंत राहते व पुन्हा झाडावर चढते. ती पाने खताच्या खड्ड्यात न टाकता निराळी पुरून वर वीतभर माती ओढावी. दाट फांद्या विरळ करून वारा खेळता ठेवावा.

एवढ्यानेही रोग न हटल्यास काळे ठिपके व तांबेरा यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात कालवून दोन्ही द्रावणे तिसऱ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात एकदम ओतावीत. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. गुलाबाच्या कोवळ्या पानांस ते कधी कधी सोसत नाही, म्हणून प्रथम एकाच फांदीवर फवारून पाहावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक डब्यावरील प्रमाणात घ्यावे. कडक उन्हात ते फवारू नये.

हे काम मुलांकडून कदापि करवू नये. मोरचुदाचे निळे खडे लहान मुलांस खडीसाखरेसारखे मोहक वाटतात, आणि ते विष आहे. ते कुलपात ठेवावेत. खडूच्या कपाटात तर मुळीच नकोत. फवारणी सुटीच्या दिवशी, नाकातोंडास कापड बांधून, प्रौढ माणसाने करावी. पिण्याच्या पाण्याची टाकी झाकावी व परसबागेतील भाजीवर तुषार जाऊ देऊ नयेत.

ऑक्टोबरातील छाटणीच्या वेळी गुलाबाच्या डाग पडलेल्या काड्या निरोगी भागापर्यंत कापून काढाव्यात आणि कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून घ्यावी.