कार्ट शर्यतीचे इंजिन : नियम मोघम असेल तर मिस्त्रीने काय करावे?

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव आपल्या वाचकांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक आहे. यंत्रकामात रस असणाऱ्यांना ते विज्ञान आश्रमामुळे ठाऊक असते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे हा आश्रम सुरू केला. मुलांना हाताने काम करता करता शिकवायचे, ही त्यांची पद्धत. जीपचे जुने भाग घेऊन ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर येथेच तयार झाला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने येथे फॅब लॅबही उभी राहिली. जवळ मोठा कारखाना नसला तरी मापाचे काम खेड्यात होऊ शकते, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आपले अनेक तरुण गॅरेज, लेथ आणि बोअरिंगच्या कामात आहेत. त्यांच्यासाठी आज एका वेगळ्या कामाची माहिती देत आहोत. इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले गो-कार्ट बनवून स्पर्धेत उतरतात. त्यांना इंजिन नीट बांधून देणारा मिस्त्री लागतो. पाबळच्या आसपास बैलगाड्यांचे घाट आहेत. शर्यत सेकंदात मोजली जाते, हे इकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

कार्ट आणि तिचे नियम

गो-कार्ट म्हणजे स्प्रिंग नसलेली, जमिनीलगतची लहान चारचाकी. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. म्हणजे हा खेळ मुळातच लहान वर्कशॉपमधून निघाला आहे.

काही स्पर्धांत मिस्त्रीला इंजिन उघडताच येत नाही. रोटॅक्स मॅक्स वर्गात १२५ सीसीचे इंजिन सीलबंद असते. या वर्गाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवरही झाल्या आहेत. २००७ पासून सुरू असलेल्या बाहा स्पर्धेतील गाड्या कार्टहून वेगळ्या असल्या तरी तेथेही अनेक वर्षे सर्व संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एकच इंजिन वापरावे लागे आणि त्यात बदल करण्यास मनाई असे.

खरा प्रश्न लहान स्पर्धांत येतो. समजा, नियमपत्रात एवढेच लिहिले आहे : “१६० सीसीपर्यंतचे चार स्ट्रोक इंजिन, स्टॉक स्थितीत.” आता या एका ओळीचा अर्थ लावून पाहू.

एका ओळीत किती प्रश्न?

उदाहरणासाठी होंडा जीएक्स १६० घेऊ. शेतीचे पंप आणि वीडर यांवर हे किंवा याच्या नकलेचे इंजिन दिसते. याचा बोअर ६८ मि.मी. आणि स्ट्रोक ४५ मि.मी. बोअरचा वर्ग करून ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा आणि एक हजाराने भागा. उत्तर येते १६३ सीसी. म्हणजे कंपनीतून आलेले नवे इंजिनच १६० च्या वर आहे! नियमातला आकडा नावाचा की मापाचा, हा पहिला प्रश्न. घासलेला बोअर वाढवून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर तेच इंजिन सुमारे १६६ सीसीचे होते. ही दुरुस्ती समजायची की फेरफार, हा दुसरा प्रश्न.

तिसरा प्रश्न हेडच्या पॅकिंगचा. कॉम्प्रेशन ९ ला १ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण २०.४ सीसी असते. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरने पातळ केले की जवळपास १.८ सीसी जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन ९.८ च्या आसपास जाते. बाहेरून काहीच दिसत नाही.

चौथा प्रश्न जेटचा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. जेट किंचित मोठा करणे इंजिनाच्या हिताचे आहे. पण मग कार्ब्युरेटर ‘स्टॉक’ राहिला का?

लिहिले नाही म्हणजे चालते का?

व्यवहाराच्या बाबतीत, मनाई नसेल ती गोष्ट मुळात जायज, हे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. शर्यतीचे नियम मात्र अनेकदा उलट्या पायावर उभे असतात. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमांत, जो बदल स्पष्टपणे मान्य केलेला नाही तो मना, असे धोरण आहे. म्हणून नियमपत्राची शेवटची ओळ आधी वाचावी. तेथे असे वाक्य असेल तर सगळ्या पळवाटा संपल्या.

असे वाक्य नसेल तर हुशार माणसे वाट काढतात. अमेरिकेतील मोटार शर्यतींचा प्रसिद्ध मिस्त्री स्मोकी युनिक याचा किस्सा सांगितला जातो. नियमात पेट्रोलच्या टाकीचे माप होते, नळीचे नव्हते. त्याने नळीच एवढी लांब आणि जाड केली की तिच्यात कित्येक लिटर पेट्रोल मावले. किस्सा मजेदार आहे, पण धंदा करणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये. कॉलेजची मुले वर्षभर राबून कार्ट बनवतात. तपासणीत ती बाद झाली तर पळवाट मिस्त्रीची आणि नुकसान मुलांचे. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, मधल्या शंकास्पद गोष्टींपासून दूर राहावे, ही शिकवण येथेही लागू पडते. शंका असेल तर आयोजकांना स्पर्धेआधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

एका बाबतीत विचारूही नये

गव्हर्नर काढून टाकण्याची मागणी हमखास येते. हे इंजिन ३६०० फेऱ्यांच्या कामासाठी बनलेले आहे. फेऱ्या दुप्पट झाल्या की फ्लायव्हीलवरचा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. बिडाचे फ्लायव्हील फुटले तर तुकडे चालवणाऱ्याच्या अंगात घुसतात. कनेक्टिंग रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो. नियम गप्प असला तरी मूळ फ्लायव्हील आणि रॉड ठेवून हे काम करू नये. गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

नियमात राहून फायदा कुठे?

कंपनी प्रत्येक मापाला थोडी सूट ठेवते. प्रत्येक भाग त्या सुटीच्या आत योग्य जागी आणून बसवणे, हेच खरे हुनर. ते कोणत्याही तपासणीत उतरते.

१. टॅपेट थंड इंजिनावर फिलर गेजने लावावे : इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मि.मी.
२. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवावा.
३. व्हॉल्व्ह सीटवर नीट घासून बसवावेत. गळती थांबली की गेलेली ताकद परत येते.
४. रॉडचे बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. टॉर्क पान्याने १२ न्यूटन मीटर, हेडचे २४.
५. तेलाचे प्रमाण सुमारे ०.६ लिटर. यात तेलाचा पंप नसतो, तेल उडूनच सगळीकडे पोचते. तेल कमी असेल तर वळणावर रॉड कोरडा पडतो.

व्यवहार कसा ठेवावा

आलेले इंजिन ही अमानत आहे. ते उघडताना प्रत्येक माप वहीत लिहावे, बंद करताना पुन्हा लिहावे आणि एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. काढलेले भाग पिशवीत घालून परत करावेत. काय बदलले आणि काय बदलले नाही, दोन्ही कागदावर असावे. तपासनीसासमोर हाच कागद मुलांच्या कामी येतो.

मजुरी आधी ठरवावी. “जिंकलो तर बक्षिसात हिस्सा” असा सौदा करू नये. मजुरी कामाची असते, नशिबाची नाही. स्वतः स्पर्धेत उतरणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम कोठून येते तेही पाहावे. बाहेरच्या पुरस्कर्त्याने दिलेले बक्षीस आणि स्पर्धकांच्याच प्रवेश फीतून जमवलेले बक्षीस यांत फरक आहे. दुसरी रीत जुगाराकडे झुकते, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. शंका असल्यास जवळच्या आलिमांना विचारावे.

या कामाला लागणारी हत्यारे थोडी आहेत : मायक्रोमीटर, बोअर गेज, फिलर गेज, टॉर्क पाना. गॅरेज आधीच असेल तर वेगळी जागा लागत नाही. शर्यतीचे काम मोसमी असते, पण मापाने काम करण्याची सवय लागली की पंप आणि वीडरचे गिऱ्हाईकही त्याच मिस्त्रीकडे येते. नियम मोघम असोत वा काटेकोर, ज्याची वही स्वच्छ आहे त्याला तपासणीची भीती नसते. अशा कमाईत बरकत आहे, इन्शाअल्लाह.