जुन्या पद्मिनीला डिस्क ब्रेक : अर्धे काम करू नका

प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. म्हणून हौशी मालक पुढे डिस्क बसवून मागतात. कारागीर बंधूंनो, नुसती डिस्क आणि कॅलिपर बसवून आम्ही गाडी ताब्यात देत नाही.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरमधील झडप पाइपात थोडा दाब राखते. ड्रममध्ये स्प्रिंग शू मागे ओढते, म्हणून तो दाब चालतो. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. पॅड घासत राहतात, डिस्क तापते. तेव्हा पुढे डिस्क, मागे ड्रम यासाठी बनवलेला दुहेरी सिलिंडरच घ्यावा.

ड्रममध्ये फिरते चाकच शूला खेचून घेते. डिस्कमध्ये ही मदत नाही, पेडल जड लागते. त्यासाठी बूस्टर हवा. मागची चाके आधी जाम होत असतील, तर मागचा दाब कमी करणारी झडप बसवावी.

आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला आधी विचारावे. गिऱ्हाईक खर्चाला कचरले, तर ड्रमच नीट दुरुस्त करून द्यावेत. एका कामाची मजुरी बुडेल, पण कोणाचा जीव जाणार नाही.